रुक्माच्या धुण्याचं पाणी

"लहानूभाऊ, फ्रीज आज रिकामा करायचा आहे. कुरुदच्या तळ्याची ही बाटली काहून ठेवली अजून?" विजया मॅडमनी विचारलं.

लहानूनं बाटली तेवढी मागे सरकवली. प्रयोगशाळेत बाटल्या धुणं, पाणी भरून आणणं हे त्याचं काम. धुण्याच्या पावडरीचा फेस तळ्याच्या पाण्यातून कोणत्या उपायानं जातो, हे मॅडम तपासत होत्या. पाणी भरून द्यायची लहानूची बायको, रुक्मा. स्वतःचं धुणं झालं की ती कॅन भरायची आणि निघताना दगडावर बादलीभर पाणी ओतायची.

"पुढचीच्या कपड्याले आपला साबन कायले?" म्हणायची. "अन् तुमच्या मॅडमले सांगजा, माह्या हातचा फेस औषधानं जात नसते."

क्लोरीननं तो गेला नाही, उलट वास सुटला. ओझोननं बसला, पण त्या मशीनला वीज फार लागायची. पेरॉक्साइड आणि लोखंडाच्या क्षारानं मात्र गेला. गंजासारखा गाळ तेवढा उरला. लहानूनं घरी सांगितलं तेव्हा रुक्मा तापानं अंथरुणाला खिळली होती.

"हरली म्हना मी," ती हसून म्हणाली.

त्या दुखण्यातून ती उठली नाही. दवाखान्यात मॅडम रोज डबा आणायच्या. लहानू ते विसरला नव्हता.

तुलनेसाठी औषध न घालता ठेवलेली ही एकच बाटली उरली होती. हलवली की अजून फेस यायचा.

"तिनं भरलेलं शेवटचं पानी आहे हे," तो म्हणाला.

मॅडमनी बाटली त्याच्या हातात दिली. "मग घरी न्या. कोणी विचारणार नाही."

"नाई मॅडम. घान पानी ती घरात ठिवू देत नव्हती. साफ करून नेऊ काय?"

मॅडमनी स्वतः थोडं आम्ल आणि क्षार मोजून दिले. लहानू पेरॉक्साइड थेंब थेंब सोडू लागला.

"घरी कधी धुणं धुतलं काय, लहानूभाऊ?"

"नाई. आता धुऊन राहिलो."

चुना टाकून आंबटपणा मारला, गाळ खाली बसू दिला. वरचं पाणी बाटलीत घेऊन त्यानं हलवलं. फेस आला नाही. त्यानं पुन्हा हलवलं, जोरात. नाहीच आला.

"तुमचे लई उपकार, मॅडम," एवढंच म्हणून तो निघाला.

घराकडे न वळता तो कुरुदच्या तळ्यावर गेला. रुक्माच्या दगडावर कुणाची तरी पावडर वाळून पांढरी झाली होती. मागे गिरजाबाई धुण्याचं गाठोडं घेऊन उभी होती. लहानूनं बाटली दगडावर रिती केली, हातानं दगड चोळला, तळ्याचं पाणी घेऊन पुन्हा धुतला.

"झालं काय, भाऊ?" गिरजाबाईनं विचारलं.

"हाव," तो बाजूला सरला. "बसा आता."