उडालेला पटका

साळूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं आणि रामरावांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. या दोघांच्या मधे बिचाऱ्या भुजंगाचा संसार सापडला होता.

साळूबाई भुजंगाची आई, रामराव सासरे. होळीला रामरावांनी विहीणबाईंना मोठ्या हौसेनं तीर्थपुरीला पुरणपोळीचं जेवण घातलं. बायकांच्या पंगतीत साळूबाई घास गिळून म्हणाल्या, "पोळी झ्याक हाय. तुपानं तेवढं दुरूनच दर्शन दिलं." सगळी पंगत खिदळली आणि ते खिदळणं ओसरीवर रामरावांच्या कानी गेलं.

झालं! अक्षय्य तृतीयेला भुजंगाची बायको द्वारका माहेरी आली ती तिथंच अडकली. रामरावांनी सांगावा धाडला, 'ईनबाईनं माझ्या दारात येऊन तूप बराबर व्हतं म्हणावं, मंगच पोरगी मिळंल.' साळूबाई म्हणाल्या, "मी का खोटं बोलू? कोरडी व्हती ती कोरडीच व्हती." जेठ लागला तरी कुणी मागं हटेना.

इकडे भुजंगाला करमेना. जुन्या जालन्यात जेठमल शेटजींच्या दुकानात तो लुगडी दाखवायला बसायचा. गिऱ्हाइकानं हिरवं मागितलं की हा जांभळं काढायचा, कारण द्वारकेला जांभळं आवडायचं. शेवटी शेटजींनीच दुकानाची सायकल त्याच्यापुढे केली. "जा बाबा, जल्दी जा आन बायको घेऊन ये. न्हाई तर तू माझं दुकान बसवशील."

निजामाच्या अमलात त्या भागात सायकल म्हणजे मोठी अपूर्वाई. भुजंग नवाकोरा गुलाबी पटका बांधून पहाटेच निघाला. अंबडपर्यंत गडी शीळ घालत गेला. अंबड मागं पडलं आणि वारा सुटला.

वारा कसला, पाठीमागून सुटलेला वळूच तो! आधी नुसता ढकलत होता, तेव्हा भुजंगाला मजा वाटली. पायडल न मारता सायकल पळते म्हणजे काय चैन! मग कडब्याच्या पेंढ्या त्याच्या डोक्यावरून उडत पुढं गेल्या, तेव्हा मजा संपली. एका बाभळीखाली गाडी सोडून बसलेला गाडीवान ओरडला, "अरे उतर खाली, मरून जाशील!" पण उतरायचं कसं? ब्रेक नावापुरते होते. ओढ्याच्या पुलावर वाऱ्यानं आडवा दणका दिला. सायकल कडेला गेली, खालचे धोंडे दिसले, आणि भुजंगानं साऱ्या देवांना एकदम हाका मारल्या. त्यातला कुणीतरी मोकळा असावा, कारण सायकल परत वाटेवर आली.

तीर्थपुरीच्या वेशीत मात्र पटका गेला. एक टोक सुटलं, सारा पटका मागं लांबच लांब फडफडला, आणि वेशीवरून कुठच्या कुठं उडून गेला. भुजंग तशाच उघड्या डोक्यानं गल्लीत शिरला. डोळ्यांत धूळ, गालांवर पाणी, तोंडात माती. सासऱ्याच्या दारातल्या शेणाच्या ढिगात सायकल रुतली, तेव्हाच ती थांबली.

आता त्या मुलखात बोडक्या डोक्यानं पाव्हण्याच्या दारी जातो तो एकच माणूस, मयताचा सांगावा आणणारा. सासूबाई तुळजाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. बोडका, रडवेला जावई दिसताच सूप टाकून त्यांनी हंबरडा फोडला.

"अगं माझ्या ईनबाई! कशी गं गेलीस!"

भुजंग 'न्हाई, न्हाई' म्हणायला गेला, पण घशात माती. नुसता खोकला आला. त्या खोकल्यानं तर उरलीसुरली शंकाही मिटली. रामराव धावत बाहेर आले, त्यांनी स्वतःचा पटका काढला आणि जावयाच्या गळ्यात पडले. गल्ली गोळा झाली.

"सोन्यासारखी बाई व्हती!" रामराव रडत म्हणाले. "जरा बोलायला तिखट, पण मन लोण्यावानी! अन् मी पापी पोरगी अडवून बसलो. ईनबाई, तुम्ही असत्या तर आत्ता गाडी जुपली असती! सोता येऊन पाया पडलो असतो!"

भुजंगाचा घसा आता मोकळा झाला होता. आई जालन्यात धडधाकट आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्यानं आणखी एकदा खोकून घेतलं. लाज वाटली, पण खोटं कशाला सांगा, गंमतही फार वाटली.

एवढ्यात द्वारका दारात आली. तिनं नवऱ्याकडे निरखून पाहिलं. मिशी जागच्या जागी होती. आई गेलेला लेक मिशी ठेवतो होय? आणि असा सांगावा भावकीतला कुणी आणतो, लेक स्वतः कशाला येईल? तिला सारं उमगलं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि सगळ्यांच्या वर सूर लावला.

"आत्याबाई गं! ऐकून घ्या! आबा सोता मला घेऊन येतो म्हणून राह्यले गं! साऱ्या गल्लीदेखत म्हणून राह्यले!"

"व्हय गं माझ्या लेकरा, येतो!" रामराव म्हणाले.

तेव्हा शेजारचे पुंजाराम पुढं झाले. "अहो रामराव, जावायाला मिशी हाय की!"

रडणं एकदम थांबलं. भुजंग खाली बघत म्हणाला, "मामा, आई बरी हाय. पटका तेवढा वाऱ्यानं नेला. मी सांगणारच व्हतो, पण तुम्ही लई चांगलं बोलून राह्यला व्हता."

रामरावांचा चेहरा लाल झाला. पण गल्ली हसत होती आणि शब्द तोंडातून गेला होता. "आसं खोटं मयत झालं की आयुष्य वाढतं," तुळजाबाई डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी लेकीचं बोचकं बांधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी रामरावांनी जावयाला आपला दुसरा पटका बांधायला दिला आणि गाडी जुपली. सायकल मागं आडवी बांधली. शब्द दिला होता म्हणून ते निघाले होते, पण कोरड्या पोळीचा काटा काही निघाला नव्हता. वारा आता समोरून येत होता. जालना जवळ आलं तशी द्वारका म्हणाली, "आबा, चांगले पटके उडून जातील. काढून माझ्यापाशी द्या दोघं." तिनं दोन्ही पटके घडी करून मांडीवर घेतले आणि वर पदर टाकला.

साळूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं तर गाडीत व्याही बोडके, लेक बोडका, सून तोंड झाकून, आणि तुळजाबाईंचा पत्ता नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं माझ्या ईनबाई! काय गं तुझ्या हाताची चव! कशी गं ती पुरणपोळी!"

भुजंग घाईनं गाडीतून उतरायला गेला. रामरावांनी त्याचा हात घट्ट धरला.

"बसा जावाईबापू," ते हळूच म्हणाले. "एवढ्यात बोलू नका. तुपापर्यंत येऊ द्या त्यांना."