मी फक्त डोळेच दाखवतो

मी बसमधला आरसा बोलतोय. ड्रायव्हरच्या डोक्यासमोर लटकणारा, हातभर लांब आणि रुंदीला जेमतेम चार बोटं. हसू नका! अशा अंगकाठीमुळे माझ्यात माणूस पुरता मावतच नाही. नाक कापलं जातं, हनुवटी जाते आणि उरतात ते डोळे. मागच्या प्रवाशांना आमच्या ताई दिसतात त्या एवढ्याच.

ताई म्हणजे आमच्या बसच्या ड्रायव्हर. हात असा सफाईदार, की माझ्यावरची धूळसुद्धा हलत नाही. पण डोळ्यांखाली दोन खड्डे, थेट वडिलांकडून आलेले. त्यात बरोबर डोक्यावर दिवा. संध्याकाळी तो लागला, की मागून सुरू, "बाई, झोप झालीये ना तुमची?" एक आजी तर ताईंना डुलकी लागू नये म्हणून रस्ताभर पाढे म्हणत होत्या!

शेवटी तक्रार बसच्या मालकांकडे गेली. "डोळ्यांचं काहीतरी करा, नाहीतर तिकीट खिडकीवर बसा," ते म्हणाले. ताईंचा चेहरा पडला. स्टिअरिंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मग काय, माझ्यासमोर नुसती धमाल! क्रीम झालं, गार चमचे झाले. खड्डे झाकायला थापलेला कन्सीलर घामाने ओघळला आणि दोन खड्ड्यांचे चार दिसायला लागले. मी हसून हसून खाली पडायचा बाकी होतो. मग ताई त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या आणि कंडक्टरकाकांना सांगू लागल्या.

"सुईने जेल भरतात म्हणे. काही महिने टिकतं, पण कधी सूज येते, कधी निळसर दिसतं. नाहीतर आपल्याच पोटावरची चरबी काढून तिथे भरायची."

"माझी घ्या की! मागाल तेवढी आहे," काका पोट थोपटत म्हणाले.

"गप्प बसा हो! डॉक्टर म्हणाल्या, खड्डा थोडाच आहे, सावलीच जास्त."

सावली! ताईंनी वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अशा काही हसल्या, की मला धडकीच भरली.

त्या संध्याकाळी मालक स्वतः तपासायला येऊन बसले. बस सुरू करण्याआधी ताईंनी सगळे दिवे लावले, माझा कान धरला आणि मला प्रवाशांकडे वळवलं. "मंडळी, आरशात बघा. ज्याच्या डोळ्यांखाली खड्डे असतील, त्याने झोप काढायला घरी जावं!"

प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा, प्रत्येकाच्या डोळ्यांखाली खड्डे. कॉलेजच्या पोरीसुद्धा सुटल्या नाहीत. मग जो काही हशा पिकला! पाढेवाल्या आजी तर टाळ्या पिटत होत्या. मालक मात्र गाल चाचपत उभे राहिले. "अहो, मला हे कधी झालं?"

बसमधून कोणीही उतरलं नाही.

आता ताईंच्या डोक्यावरचा दिवा मागे सरकवलाय. "जेल भरायचंच झालं, तर हौस म्हणून भरेन, कुणाला घाबरून नाही," असं त्या म्हणतात. तुम्हीही कुणाला 'थकलात का?' विचारण्याआधी जरा वर दिवा कुठे आहे ते बघत जा, एवढीच माझी विनंती. बरं, निघू द्या आता. ताई गाडीत बसल्यात, आणि दारात मालक डॉक्टरांचा पत्ता मागत उभे आहेत.