मानेला तेल

तेवीस वर्षं मी मणक्यांच्या वॉर्डात नर्स आहे. जो माणूस दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून उठतो, त्याची मान अजिबात हलवायची नाही, आधी पट्टा घालायचा, हे मी नव्या मुलींना इतक्यांदा सांगितलंय की माझी पाठ वळली की त्या माझी नक्कल करतात. आणि माझा नवरा दोन दिवस माझ्यासमोर तसाच उठत होता.

नवरा शिंपी आहे. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडला, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. पण स्वतःच्या पायांनी घरी आला, पोटभर जेवला. "मान अवघडलीय," म्हणाला. साधं पडसं झालं तरी हा घर डोक्यावर घेतो, म्हणून मी म्हटलं, "अहो, नाटकं पुरे." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेल कोमट करून मी त्याची मान चोळली, सकाळ-संध्याकाळ, चांगले अंगठे रोवून. तिसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या हातातून कप सुटला. हात बधिर झाला होता. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

स्कॅन झाला. कवटीला पहिल्या मणक्याशी बांधून ठेवणारे पट्टे फाटले होते. डोकं मानेवर नुसतं ठेवल्यासारखं होतं. डॉक्टर सगळ्यांना विचारतात तेच त्यांनी मलाही विचारलं.

"पडल्यानंतर मान कोणी हाताळली होती?"

गप्प बसता आलं असतं. मला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

"मी," म्हटलं. "चार वेळा. तेल लावून."

त्यांनी लिहून घेतलं.

"त्यानेच हात गेला का?" मी विचारलं.

"तसं सांगता येणार नाही, सिस्टर. त्याने नाही गेला, असंही सांगता येणार नाही."

ऑपरेशन सहा तास चाललं. कवटीला मागून धातूची पट्टी, तिथून मणक्यांपर्यंत दोन सळ्या, वर स्क्रू. डोकं आता पक्कं बसलंय, पण मान कधी वळणार नाही. मागून हाक मारली तर अख्खा माणूस वळेल. ते चालेल. शिवणकामाला डावा हात लागतो, कापड सुईखाली सरकवायला, आणि त्या हाताबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी मी त्याला सगळं सांगून टाकलं. वॉर्ड माझाच, पण मी नातेवाइकांच्या स्टुलावर बसले होते. तो उताणा पडून छताकडे बघत होता. दुसरीकडे कुठे बघता येतच नव्हतं.

"माहितेय मला," तो म्हणाला. "डॉक्टर बोलले. पण चोळायचीस तेव्हा तेवढ्यापुरतं बरं वाटायचं गं."

चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"आता तोंड पाडून लांब बसू नकोस," तो म्हणाला. "जरा जवळ ये. माझा डावा हात चोळ. बघू, काही कळतंय का."

मी मघापासून तोच हात चोळत होते.

"बरं," म्हटलं, आणि चोळत राहिले.