नववं कलम

रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी एक रीत चाळीस वर्षं मोडली नव्हती. करारावर सही झाल्याशिवाय शेवटचं प्रकरण घराबाहेर काढायचं नाही. खुनी कोण ते फक्त बाईंना ठाऊक, मग प्रकाशक जातो कुठे? थोरले प्रकाशक कपाळाला हात लावून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही वकीलच व्हायला हव्या होतात!" बाहेर बाकावर यजमान पेपर वाचत बसलेले असायचे. बाईंच्या चेहऱ्यावरूनच ते ओळखायचे, किती टक्के मानधन ठरलं.

थोरले गेले. यजमानांना जाऊनही तीन वर्षं झाली. त्यानंतरचं हे पहिलंच पुस्तक घेऊन बाई प्रकाशनाचा जिना एकट्याच चढल्या. पिशवीत सोळा प्रकरणं, सतरावं घरी कपाटात.

"या काकू, बसा," थोरल्यांचा मुलगा म्हणाला. "बारा टक्के देतोय. बाबा कधी आठच्या वर गेले नव्हते."

बाई खूश झाल्या. पण सहीआधी करार वाचायला बाहेर यजमानांकडे जायचा, ते काम आता बाईंकडेच आलेलं. चष्मा लावून त्या ओळ न् ओळ वाचत गेल्या आणि नवव्या कलमाशी थबकल्या. बाईंच्या सगळ्या कथांतल्या गुप्तहेराचं पात्र प्रकाशनाच्या मालकीचं. त्याच्या पुढच्या कथा दुसऱ्या कुणाकडूनही लिहून घेता येतील.

"हे काय रे?"

"अहो, तुम्ही दमलात तरी तो थांबायला नको. वाचकांना तो हवाय."

"मग शेवटचं प्रकरण विसर."

"राहू द्या की. आमच्याकडचा कुणीतरी लिहील. सोळा प्रकरणं झाल्यावर खुनी काय, कुणालाही करता येतो."

तो मनाने वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधणारा, 'नाही' म्हणण्याआधी दोनदा खाकरणारा तो गुप्तहेर म्हणजे यजमानच होते. सुरुवातीला ते चिडायचे, मग मित्रांना कौतुकाने सांगायचे. तीन वर्षं बाईंच्या घरात दुसरं कुणी बोललं नव्हतं. बोलायचा तो कागदावर हाच. उद्या कुणी त्याच्या हाती पिस्तूल देईल, त्याला गच्चीवरून उड्या मारायला लावेल. यजमानांना तर साधा जिना चढताना धाप लागायची!

"हे कलम काढ."

"मग बारा नाही जमणार, काकू. सहा."

"सहा तर सहा."

"घासाघीस तरी करा! बाबा सांगायचे, अर्ध्या टक्क्यासाठी तुम्ही अख्खी दुपार खायचात."

"तेव्हा बाहेर कुणीतरी वाट बघत असायचं."

त्याने कलम खोडलं. त्या जागी बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: लेखिकेनंतर हे पात्र कुणीही लिहू नये.

"म्हणजे तुमच्याबरोबर तोही…" तो अडखळला.

"हो. सतरावं प्रकरण उद्या पाठवते."

"आणि पुढचं पुस्तक? तारीख काय घालू?"

दर वेळी हे उत्तर बाईंच्या जिभेवर असायचं. चार महिन्यांत एक पुस्तक, असा तेव्हा त्यांचा धडाका.

"तारीख घालू नकोस," त्या म्हणाल्या आणि सही केली.

कठड्याला धरून उतरताना त्या मनाशी नवा गुन्हा रचू लागल्या. चांगला गुंतागुंतीचा, उकलायला त्याला पुष्कळ दिवस लागतील असा.