गोलकीपरची जागा

फुटबॉल संघाच्या यादीवर सही न करता ऋजुताने पेन विकीपुढे परत ठेवलं.

"समीक्षाचं नाव नाहीये यात."

"मॅडम, कोल्हापूरवरून दोन पोरी आणल्यात. फी मी भरतो, रूम माझी. त्यातली एक कीपर आहे, तिला काय बाकावर बसवायला आणली?"

दोघींचे प्रवेश मागच्याच आठवड्यात झाले होते, एम.ए.ला. कोणत्या विषयात, ते त्यांनाही धड सांगता आलं नव्हतं.

कोपर गावात विकीच्या आजोबांचं मिठागर होतं तिथे आता त्याचं टर्फ होतं, नकली हिरवळीचं मैदान, आणि कॉलेजच्या मुली त्यावर फुकट सराव करत. पूर्वी संघाचं काहीही असलं तरी प्राचार्य कोच म्हणून ऋजुताला बोलवायचे. हल्ली तिला सगळं विकीकडून कळायचं.

तीन वर्षांच्या श्रियाने टर्फमधले काळे रबरी दाणे तोंडात घातले होते. ऋजुताने बोट घालून ते काढले, ओढणीला पुसले.

"समीक्षा खेळणार नसेल, तर मीपण कोच राहणार नाही."

विकीने मोबाइल खाली ठेवला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं.

"ठीक आहे. तुमची मर्जी. प्राचार्य सरांना मी सांगतो, तुम्ही टेन्शन नका घेऊ." मग श्रियाकडे वाकून, "काय गं बाय, ज्यूस पिणार?"

सकाळी कणीक मळताना ती किती काय काय पाठ करून आली होती. एकच वाक्य पुरलं.

तिने श्रियाला कडेवर घेतलं. मैदानावर नवी कीपर गोलपोस्टमध्ये उभी होती. समीक्षा जाळीमागे एकटीच बसलेली, ग्लोव्ह्ज काढून. तिला कसं सांगायचं, याचा विचार करत ऋजुता मुद्दाम लांबून वळसा घालून गेली.

"समीक्षा, ऐक जरा."

"मॅडम, आधी मी बोलते. नंतर हिंमत नाही होणार." समीक्षा उठून उभी राहिली. "मी चाललेय. नवी मुंबईच्या कॉलेजात. फी माफ, हॉस्टेल, वर महिन्याला पैसेपण. सोमवारी ॲडमिशन घेतली."

ऋजुताने श्रियाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"रागावलात?"

"नाही गं. चांगलं झालं."

"मी तुमचंपण बोललेले तिकडे, खरंच. त्यांना लेडी कोच पाहिजे होती. पण मग मीच म्हटलं, मॅडम कुठे सोडणार हे कॉलेज? पोरीला कडेवर घेऊन शिकवतात त्या, पण एक दिवस चुकवत नाहीत. मग काल त्यांनी दुसरी घेतली." ती ओशाळं हसली. "बरोबर बोलले ना मी?"

"हो."

"तुम्ही काय सांगत होतात?"

ऋजुताने मैदानाकडे बोट केलं. नवी कीपर बॉलमागे धावत पार पुढे आली होती.

"ती बघ, लाइन सोडून किती पुढे येते," ती म्हणाली. "हिच्याशी मॅच पडली तर तुझ्या तिकडच्या पोरींना सांग, डोक्यावरून मारा."

"काय मॅडम!" समीक्षा खळखळून हसली. "स्वतःच्याच टीमची पोल खोलताय?"