हाक कुणाची, नुकसान कुणाचं!

शिकायला पाठवलेला मुलगा नापास होऊन परतला की घरात काय होतं, हे कुणाला सांगायला नको. पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्या गंगाबाईंच्या घरात त्या मे महिन्यात तेच झालं होतं. मिठागरावर राबणाऱ्या त्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, बळीराम, भिंतीकडे तोंड करून पडला होता. साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न.

"आये, मी परत जानार नाय," एवढंच तो म्हणत होता.

"का, ते तरी सांगशील?" गंगाबाईंनी विचारलं. तेव्हा कुठे तो बोलला.

मुंबईत शेकडो मुलांच्या वर्गात बळीरामला कुणी ओळखत नव्हतं. अशा वेळी धर्मराजने त्याच्या खांद्यावर हात टाकला. धर्मराज वकिलाचा मुलगा, विद्यार्थ्यांचा पुढारी. परीक्षेत मराठीतून उत्तरं लिहू द्यावीत, ही त्याची मागणी. इंग्रजीशी झगडणाऱ्या बळीरामला ती अगदी पटली.

"अर्थशास्त्राच्या पेपरला तुझ्या हॉलमध्ये तू ऊठ, माझ्या हॉलमध्ये मी उठतो," धर्मराज म्हणाला. "तुझ्यासारख्या शूर मुलांवरच माझी भिस्त आहे!"

त्या दिवशी प्रश्न बळीरामला येत होते. तरी तो उठला, घोषणा दिली आणि कोरा पेपर टाकून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग दहा-बारा मुलं उठली. सगळी अंगणात धर्मराजची वाट पाहत उभी राहिली. धर्मराज आला, पण वेळ संपल्याची घंटा झाल्यावर, पेनचं टोपण लावत!

"तू उठला नाहीस?" बळीरामने विचारलं.

"अरे, आमच्याकडे वातावरण तयार नव्हतं. आणि चळवळ चालवायला कुणीतरी पास व्हायला हवंच ना!" धर्मराज हसून म्हणाला आणि मित्रांबरोबर निघून गेला.

"त्यानं माझा गळा कापला, आये!" बळीरामला हुंदका फुटला.

गंगाबाई पावसाआधी मिठाच्या राशी गवताने शाकारून नुकत्याच आल्या होत्या. पदराने हात पुसत त्यांनी विचारलं, "तुज्या मागून कोन कोन उठला?"

"बरेच होते. करंजा गावचा अनंता पन होता."

"त्याचा पेपर कसा जात व्हता?"

ते बळीरामने कधी विचारलंच नव्हतं.

"धर्मराजानं तुला फसवला, खरा हाय. पन अनंताला कोनी फसवला, बाला?"

बळीराम उठून बसला. आईचे शब्द त्याच्या वर्मी लागले!

दुसऱ्या दिवशी तो समुद्रकाठच्या करंज्याला गेला. अनंता वडिलांबरोबर बोंबील वाळत घालत होता. नापास झाल्यावर मामाने त्याला मुंबईतून परत पाठवलं होतं.

"धर्मराजाला मी वलखत पन नव्हतो," अनंता मान वर न करता म्हणाला. "आपला मानूस उठला म्हनून मी उठलो."

"मी तुला हाक दिली, पण तुझं काय होईल ते पाहिलं नाही. चूक माझी आहे," बळीराम म्हणाला. मग तो अनंताच्या वडिलांकडे वळला. "दाजी, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की याला माझ्याबरोबर अभ्यास करू द्या. ऑक्टोबरला आम्ही दोघं परत बसतो."

दाजींनी हातातला बोंबील वाळत टाकला. मग म्हणाले, "होड्या वर हायेत तवर घे. पन आता मधीच उठवू नको त्याला!"

त्या पावसाळ्यात बळीराम दर आठवड्याला करंज्याला जात राहिला. ऑक्टोबरला दोघेही पास झाले. अनंताने बोलून माफ केलं असं नाही. पण निकाल लागला तेव्हा तो ती बातमी सांगायला सगळ्यांत आधी गंगाबाईंकडे आला.

बळीराम पुढेही मराठीच्या मागणीसाठी सभांना जाई, बोले. धर्मराजशी मात्र त्याने पुन्हा संबंध ठेवला नाही. सभेतली मुलं विचारत, "आम्ही काय करू?" तेव्हा तो आधी त्यांच्या घरची चौकशी करी.

बंधूंनो आणि भगिनींनो, अन्यायाविरुद्ध उठायलाच हवं. पण आपल्या शब्दावर उठणाऱ्याच्या घरी काय शिजतं, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कुणाला हाक देऊ नये!