माझ्या पोटातला परका कागद

मित्रांनो, मला कधी कोणी बक्षीस दिले नाही, की काचेच्या कपाटात मांडून ठेवले नाही. मी एक जुनी फाईल आहे. वरून तपकिरी रेक्झिन, आत दोन जाड पुठ्ठे, कण्याला पत्र्याची चाप आणि बांधायला एक नाडी. माणसे नोकरी मागायला जातात तेव्हा छातीशी धरून नेतात, ती मी. एका माणसाच्या उभ्या आयुष्याची कमाई माझ्या पोटात होती. त्याचा घातही माझ्याच पोटातून झाला. तेवढे सांगून मोकळी होते.

एका बाइंडरच्या दुकानात मी तयार झाले. पुठ्ठा कापला, खळ लावली, रेक्झिन ताणून चिकटवले आणि दोन दिवस मला दगडाखाली दाबून ठेवले. तिसऱ्या दिवशी एक नवराबायको दुकानात आली. नवऱ्याला त्या दिवशी बॉयलर चालवण्याचा दुसऱ्या वर्गाचा दाखला मिळाला होता आणि त्याने तो चार घड्या करून शर्टाच्या खिशात कोंबला होता. बायको म्हणाली, "एवढ्या कष्टानं मिळवलात आणि असा चुरगळलात? किराण्याची यादी आहे का ती?" तिने मला निवडले, दाखला हाताने सपाट केला आणि माझ्यात ठेवला. त्या घड्यांच्या रेघा त्याच्यावर कायमच्या राहिल्या.

माझा धनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर म्हणजे लोखंडाचे मोठे पोट. त्यात पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. दाब वाढला आणि लक्ष नसले तर भिंतीसकट माणसे उडतात. माझ्या धन्याला दाबाच्या काट्याकडे बघावेच लागत नसे. तो आवाज ऐकूनच सांगायचा की आत काय बिघडते आहे. म्हणून कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. हाताखालच्यांना तो झडप कशी फिरवायची ते शिकवायचा, आणि त्यातले कितीतरी पुढे पहिल्या वर्गाची परीक्षा देऊन त्याच्या वर गेले.

तो मात्र गेला नाही. लेखी परीक्षा झाली, पण तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाला. समोर तीन परीक्षक बसले की त्याच्या घशाला कोरड पडायची. हाताला येत होते ते जिभेवर येईना. कारखान्याचे थोरले साहेब दर वर्षी म्हणायचे, "परत बस." तो दर वर्षी हो म्हणायचा, आणि वर्ष जायचे.

एकोणीस वर्षांनी कारखान्याला टाळे लागले. शेवटच्या दिवशी थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला पत्र लिहून दिले. एकोणीस वर्षांत याच्या पाळीला एकही अपघात नाही, असे त्यात होते. पत्र देताना ते म्हणाले, "कुठेही माझं नाव दे. फक्त द्यायच्या आधी मला एक फोन कर. काम काय आहे ते कळलं, की तसं बोलता येतं." मित्रांनो, ते पत्र माझ्या पोटात आले तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

मग आमची वणवण सुरू झाली. किती बाकांवर मी त्याच्या मांडीवर बसले, याची गणती नाही. सगळीकडे एकच उत्तर मिळायचे. काम चांगले दिसते, पण आम्हाला पहिला वर्ग लागतो. काही ठिकाणी तर पत्र कोणी उघडलेसुद्धा नाही. अकरा महिने गेले. तो घरी बोलेनासा झाला.

त्याच्या मेहुण्याचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे, झेरॉक्सचे दुकान होते. माणूस मनाने वाईट नव्हता, पण प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एक पळवाट असायची. तो म्हणाला, "एका शब्दाचा तर प्रश्न आहे, भाऊजी. दुसरा काढायचा, पहिला घालायचा. काम तर तुम्हाला येतंच."

माझ्या धन्याने तेव्हा मान हलवून नकार दिला. पण एका सकाळी बायको दारात शेजारणीशी बोलत होती आणि तो आत बसला होता. शेजारणीने विचारले, "तुमचे हे दिसत नाहीत?" बायको म्हणाली, "कामावर गेलेत." आयुष्यात खोटे न बोललेली बाई त्याची लाज राखायला खोटे बोलली. ते त्याने ऐकले. शेजारीण जाईपर्यंत तो जागचा हलला नाही. त्याच दुपारी तो मला घेऊन मेहुण्याच्या दुकानात गेला.

संध्याकाळी माझ्या पोटात नवा कागद होता. जाड, गुळगुळीत, ताज्या शाईच्या वासाचा. घडीची एक रेघ नाही. खरा दाखला ट्रंकेत लुगड्यांखाली गेला. बायकोला यातले काही कळले नाही. बाकीचे कागद आणि तो नवा कागद एकाच चापेत अडकले. मला ओरडून सांगता आले असते तर? पण फाईलला तोंड नसते. जे घालाल ते मुकाट्याने सांभाळायचे, हाच आमचा धर्म.

पुढच्याच महिन्यात एका नव्या इस्पितळात जागा निघाली. तिथल्या मुख्य अभियंता बाईंनी त्याला फार प्रश्न विचारलेच नाहीत. त्या त्याला थेट बॉयलरपाशी घेऊन गेल्या. तो दोन मिनिटे उभा राहिला आणि म्हणाला, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातंय. आठवड्यात पंप बंद पडेल." उघडून बघितले तर खरेच तसे होते. बाई खूश झाल्या. त्यांनी त्याला कामावर घेतले, पण एक अट सांगितली. सगळ्या नव्या माणसांची पूर्वचौकशी होते, कागद तपासले जातात, जुन्या साहेबांना फोन जातो. फॉर्मवर ओळखीच्या माणसाचे नाव आणि नंबर लिहायचा होता. त्याने थोरल्या साहेबांचा लिहिला.

त्यांना आधी फोन करायला त्याने तीनदा हात पुढे केला आणि तीनदा मागे घेतला. साहेब विचारणार, पहिल्या वर्गाची परीक्षा कधी दिलीस? त्याला काय सांगायचे?

ते दोन महिने मात्र चांगले गेले. वॉर्डातल्या चादरी कडक वाफेतून निघायच्या, शस्त्रक्रियेची हत्यारे वेळेवर उकळून तयार असायची. धुलाईच्या बायका म्हणायच्या, हा माणूस आल्यापासून वाफ एकदाही कमी पडली नाही. घरी तो पुन्हा थट्टा करू लागला, असे मी पुढे ऐकले. मी मात्र बाईंच्या टेबलावर होते, कारण कागदांची तपासणी व्हायची होती.

एका दुपारी बाईंनी फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला, कारण त्या एकीकडे सह्या करत होत्या. थोरल्या साहेबांचा आवाज मी लगेच ओळखला. ते अगदी मनापासून बोलत होते. "अहो, तसा माणूस शोधून सापडायचा नाही. दाखला दुसऱ्या वर्गाचा, पण पहिल्या वर्गवाले त्याला विचारून झडप फिरवायचे."

बाईंचे पेन थांबले. "दुसऱ्या वर्गाचा?"

"हो ना. तोंडी परीक्षेत अडकला बिचारा. पण तुम्ही कागदावर जाऊ नका, माणूस बघा."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. मग माझी नाडी सोडून तो गुळगुळीत कागद बाहेर काढला आणि बराच वेळ हातात धरला. दाखल्याचा क्रमांक त्यांनी, हे दाखले देणाऱ्या परवाना कार्यालयाला कळवला. चौथ्या दिवशी लेखी उत्तर आले, की हा क्रमांक दुसऱ्या वर्गाच्या दाखल्याचा आहे.

त्याला बोलावले तेव्हा तो हात पुसत आला. टेबलावर मी उघडी होते. ते बघताच त्याला सगळे कळले. बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या वर्गाचा दाखला घेऊन आला असतात ना, तरी मी तुम्हाला घेतलं असतं. मदतनिसाची जागा रिकामीच होती. वर्षभरात मीच तुम्हाला परीक्षेला बसवलं असतं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. वर एवढे रुग्ण झोपलेत."

तो खाली बघून एवढेच म्हणाला, "बाई, काम खोटं नव्हतं."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हे जड जातंय."

कागद कुणी केला, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. नोकरी गेलीच, आणि परवाना कार्यालयाने त्याचा खरा दाखलाही तीन वर्षांसाठी रद्द केला. घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मला का नाही विचारलंत?"

थोरल्या साहेबांना हे कळले तेव्हा ते काठी टेकत घरी आले. पाण्याला हातही न लावता म्हणाले, "माझ्या तोंडानं तुझं वाटोळं केलं रे." माझ्या धन्याने त्यांचे हात धरले. तो म्हणाला, "तुम्ही खरं तेच बोललात. मी फोन करायला हवा होता. तुम्हाला फोन करायची भीती वाटली, तेव्हाच मला कळायला हवं होतं." साहेब गेल्यावर पाण्याचा भरलेला पेला तसाच राहिला.

ती तीन वर्षे त्याने गोदामात पोती उचलली. मुदत संपल्यावर तो पहिल्या वर्गाच्या परीक्षेला बसला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. परीक्षकांपुढे या वेळी घसा कोरडा पडला नाही. गमावण्यासारखे काही उरले नव्हते. तो पास झाला. खरा पहिला वर्ग माझ्या पोटात आला, पण कोणी पेढा वाटला नाही. कारण प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असायचा: पूर्वी कधी कामावरून काढले आहे का? तो दर वेळी लिहायचा, "हो, खोटा दाखला दिल्याबद्दल." खाली सही. अशी सात ठिकाणे झाली. कोणीही बोलावले नाही. मग त्याने माझी नाडी बांधली आणि मला कपाटात ठेवले. बॉयलरसमोर तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

इस्पितळातली नोकरी गेली त्या दिवसापासून मेहुणा या घरी आला नव्हता. माफी मागायला जीभ रेटत नसावी. मागच्या वर्षी मात्र त्याची मुलगी आली. ती प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे शिक्षण घेऊन पहिल्याच नोकरीसाठी अर्ज करत होती. एका विषयात नापास होऊन तिचे एक वर्ष वाया गेले होते, आणि ते वर्ष अर्जात कसे दाखवावे हे तिला कळत नव्हते.

ती म्हणाली, "बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मला विचारू नकोस. आत्याकडे जा, काका सांगतील तसंच कर."

माझा धनी कपाटापाशी गेला. मग त्याने मला काढले आणि आपली सगळी हकीकत तिला सांगितली, मेहुण्याचे नाव वगळून. शेवटी म्हणाला, "जसं झालं तसं लिही. नापास झाले, पुन्हा बसले, पास झाले. आणि अर्जात ओळखीसाठी ज्या बाईंचं नाव देतेस त्यांना आत्ता फोन कर, माझ्यासमोर."

तिने फोन केला. तिच्या शिक्षिका पलीकडून आनंदाने बोलत होत्या, कुठली जागा आहे, काय काम आहे, सगळे विचारत होत्या. ते ऐकता ऐकता माझा धनी उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि पोरीला खुणेने सांगितले, राहू दे, बोलवू नकोस.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी फाईल असेल. तिच्यावर धूळ बसली तर बसू द्या, कोपरे दुमडले तर दुमडू द्या, आम्ही ते सोसतो. फक्त आमच्या पोटात असा कागद घालू नका, ज्यामुळे तुमच्याविषयी चांगले बोलणाऱ्या माणसाचीही तुम्हाला भीती वाटेल. कमी असेल तर कमीच राहू द्या. कमी आहे ते वाढवता येते, हे माझ्या धन्याने पंचावन्नाव्या वर्षी दाखवले. पण तोवर त्याच्यावर विश्वास ठेवून काम देणारे कोणी उरले नव्हते.